आजीचं ड्रेसिंग टेबल, आमचं वॉशबेसिन!

जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, की घराघरात एकच वाद रंगतो. नव्या फ्लॅटमध्ये काय न्यायचं आणि भंगारवाल्याला काय द्यायचं? टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन बिनबोभाट टेम्पोत चढतात. गाडी अडते ती जुन्या सागवानी फर्निचरपाशी. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही! पण जरा डोकं लढवलंत, तर त्यातलंच एखादं ड्रेसिंग टेबल चक्क व्हॅनिटी युनिट होऊ शकतं. वर एक देखणं टेबल टॉप बेसिन, खाली ड्रॉवर्स. एकदम हॉटेलात असतं तसं.

आमच्याकडे पहिली हरकत घेतली ती आईनं. "अगं, आजी याच्यासमोर बसून कुंकू लावायची. ते तू बाथरूममध्ये नेणार?" प्रश्न बिनतोड होता. वरच्या ड्रॉवरला अजूनही मेणाचा वास येतो. दादाचं म्हणणं वेगळंच. जुन्या फर्निचरवाल्याला विकून मोकळे होऊ या. रविवारपर्यंत जागा सापडली नाही, तर तो टेम्पो घेऊन येणार होता.

तोडगा निघाला तो पॅसेजमध्ये. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत वॉशबेसिन बाथरूमच्या बाहेरच असतं. आईचा मुद्दाही राहिला आणि लाकडाचाही! कारण आपण बादली-मगानं आंघोळ करणारी माणसं. आपल्या बाथरूममध्ये पाणी चारही भिंतींना भेटून येतं. बेसिन आतच हवं असेल, तर निदान शॉवरपासून लांबचा, कोरडा कोपरा शोधा.

आधी लाकूड ओळखा

सागवानात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे पाणी आणि वाळवी, दोन्हींपुढे ते बऱ्यापैकी टिकाव धरतं. तुमचं टेबल एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचं असेल, तर हा नाद सोडा. पाणी लागलं की ते फुगतं आणि मग दुरुस्ती नाही. पाठीमागचा पातळ प्लाय मात्र सागवानी टेबलचाही बदलून वॉटरप्रूफ बसवून घ्या.

उंचीचं गणित

बेसिनची कड जमिनीपासून साधारण 32 ते 34 इंचांवर आली, की वाकावं लागत नाही. आमचं टेबल साडेअठ्ठावीस इंचांचं. पायांखाली अर्ध्या इंचाचे ग्रॅनाइटचे तुकडे आणि वर 5 इंचांचं बेसिन, झाले बरोबर 34! ग्रॅनाइटमुळे फरशी पुसताना पायांना पाणी लागत नाही, हा बोनस. बेसिन घेताना टेबलाची खोली मोजून जा. मागे उंच पिलर कॉक बसण्याइतकी जागा उरली पाहिजे.

ड्रॉवरचं काय?

पाइप जाणार नेमका वरच्या ड्रॉवरमधून. सुतारकाकांनी त्याच्या तळाला आणि मागच्या बाजूला इंग्रजी 'यू'सारखी खाच मारली. मधे बॉटल ट्रॅप आणि दोन्ही बाजूंना टूथपेस्ट, कंगवे. ड्रॉवर उघडतोही आणि पाइप दिसतही नाही. खालचे दोन ड्रॉवर जसेच्या तसे. अँगल कॉक मात्र हात पोचेल असाच ठेवा. गळती लागली, तर अख्खं टेबल सरकवत बसाल!

खरी मेहनत पॉलिशची

जुन्या फर्निचरला बहुतेक वेळा लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं. दिसतं झकास, पण पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग. म्हणून ते पूर्ण घासून काढायचं आणि पीयू कोटिंग करायचं. बेसिनसाठी पाडलेल्या भोकाची आतली कड अजिबात विसरू नका. कापलेलं लाकूड तिथूनच पाणी पितं. शेवटी बेसिनभोवती सिलिकॉन सीलंट. हे काम पावसाळ्यात काढू नका. ओलसर लाकडावर पॉलिश धरत नाही.

टेबलावर जुना ऑइल पेंट असेल, तर कोरडं घासू नका. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांमधल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची कडक मर्यादा लागू झाली ती 2017 मध्ये. तेव्हा ओला पॉलिश पेपर, तोंडाला मास्क आणि लहान मुलं लांब.

आमच्याकडे सगळ्यात जास्त पैसे मजुरीत गेले. लाकूड तर घरचंच होतं! आरसा आम्ही वेगळा काढून वर भिंतीवर लावला. कडेला पारा थोडा उडालाय, पण आईनं तो बदलू दिला नाही. हल्ली ती टिकली तिथेच लावते.

घरी नसेल तर...

मुंबईत जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट किंवा चोर बाजारातली मटण स्ट्रीट गाठा. पुणेकरांसाठी जुना बाजार आहेच. निघताना खिशात मेजरटेप ठेवा. ड्रॉवर्स उघडून-मिटून बघा, पाय उलटे करून वाळवीची माती शोधा आणि मगच घासाघीस सुरू करा. ऑल द बेस्ट!