भट्टी जास्त वेळ घेतेय? कॉइल बदलण्याआधी हे दोन आकडे बघा



टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहिला की पणत्यांचा सीझन डोक्यावर आलाच म्हणून समजा. दसऱ्यापासून दिवाळीला जेमतेम वीस दिवस. अशा वेळी सात तासांत होणारी भाजणी (चकलीची नव्हे, मातीची!) दहा तासांवर गेली, तर पाचशे पणत्यांचा दिलेला शब्द पाळायचा कसा? बरेच जण घाईघाईने कॉइल बदलतात. पैसे जातात आणि भट्टी तशीच रेंगाळते.

आधी व्होल्टेज बघा. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला ६ किलोवॅट देणारी भट्टी २१६ व्होल्टला साधारण ५.३ किलोवॅटच देते. व्होल्टेज उतरलं ६ टक्के, ताकद गेली १२ टक्के! आणि वेळ तर त्याहून जास्त वाढतो. कारण वरच्या तापमानाला भट्टीच्या भिंतींतूनच भरपूर उष्णता बाहेर जात असते. पणत्यांच्या वाट्याला उरतं ते थोडंसं. त्या थोड्याशातूनच हे १२ टक्के कापले जातात. म्हणून शेवटच्या शंभर अंशांत भट्टी अडून बसते. ताकद कमी असूनही एकूण युनिट मात्र जास्त जातात.

आता मुख्य तपासणी. भट्टी पूर्ण चालू असताना भट्टीच्या टोकाला व्होल्ट मोजायचे आणि त्याच क्षणी क्लॅम्प मीटरने अँपिअर. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. भट्टी बंद असताना मोजलेल्या व्होल्टेजचा काही उपयोग नाही, कारण जुन्या इमारतीतली बारीक वायर लोड आल्यावरच रंग दाखवते. मग व्होल्टला अँपिअरने भागा. आपली ६ किलोवॅटची भट्टी नवी असताना २३० ला २६ अँपिअर घेते, म्हणजे उत्तर ८.८. आजही तेवढंच आलं, तर कॉइल ठणठणीत आहे. दोष सप्लायचा किंवा वायरिंगचा. उत्तर ९.७ च्या आसपास, म्हणजे दहा टक्के वाढलेलं असेल, तर कॉइल म्हातारी झाली, बदला. आणि एकदम दुप्पट आलं? मग एखादी कॉइल तुटलीय किंवा रिले गेलाय.

आकडे बरोबर असूनही वेळ लागतोय? मग माल ओला आहे का बघा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत वरून सुकलेली पणती आतून ओली असते. शेल्फ दाटीवाटीने भरले तरी वेळ वाढतो.

उलट भट्टी लवकर बंद झाली तर खूश होऊ नका हं! थर्मोकपल कॉइलजवळ सरकला असेल, तर कंट्रोलरला तापमान खरं आहे त्याहून जास्त दिसतं आणि माल कच्चा राहतो. आत कोन ठेवा. तो नुसत्या तापमानावर नाही, वेळ धरून एकूण भाजणीवर वाकतो. रेंगाळलेल्या भट्टीत ग्लेझ ओघळतं तेही यामुळेच. स्क्रीनवरचा आकडा बरोबर असतो, पण भाजणी जास्त झालेली असते.

प्रत्येक भाजणीला तारीख, व्होल्ट, अँपिअर, तास आणि वीज मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग वहीत लिहा. पणतीचा दर याच युनिटवरून काढायचा, अंदाजाने नाही. कॉइल बदलली की पहिल्याच भाजणीला नवे आकडे घ्या. पुढची तुलना त्यांच्याशी.