मागच्या चाकांची घुंई

शहापूर-मुरबाड पट्ट्यातली भेंडी, काकडी, भात वाहून नेणारी जुनी महिंद्रा बोलेरो पिकअप कसारा किंवा माळशेज घाटात जोर लावते, तेव्हा मागून येणारी 'घुंई' चालकाला अस्वस्थ करते. मागचा सगळाच गिअर, म्हणजे डिफरन्शियल, खोलायची घाई मात्र करू नये. आवाज कधी येतो, यातच निम्मं निदान असतं.

रस्ता गुळगुळीत झाल्यावर आवाज बदलला, तर आधी टायर तपासावेत. ॲक्सिलरेटर दाबताना घुंई येते आणि सोडताच सूर बदलतो, तर संशय डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी जोडीवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर. वेगासोबत वाढणारी, वळणावर कमीजास्त होणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. गिअर टाकताच 'खट्' झालं, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हलवून बघावा.

मग तेल. डिफरन्शियलचा ड्रेन प्लग उघडल्यावर बारीक लोखंडी भुकटी आली, तर ती बहुधा रोजची झीज. कपचे आले, तर दात किंवा बेअरिंग तुटायला लागलं आहे. तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. ब्रीदर (हवा जाण्याची वाट) आणि सील तपासायलाच हवेत.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. कारखान्यात ते एकमेकांशी जुळवलेले असतात. एकच नवा बसवला की आवाज परत येतो, पैसेही जातात. बसवताना शिम (पातळ चकत्या) लावून दातांमधली फट डायल गेजने मोजावी आणि दातांना रंग लावून ठसा पाहावा. ही मापं न घेणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नये.