शनी (ग्रह)

शनी हा सूर्यापासून सहावा ग्रह असून सूर्यमालेत आकाराने गुरूच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा आहे. तो मुख्यत्वे हायड्रोजन व हेलियम यांचा बनलेला असल्याने त्याची गणना महाकाय वायुग्रहांत होते. त्याच्याभोवतीची तेजस्वी कडी ही त्याची सर्वपरिचित ओळख होय. गुरू, युरेनस व नेपच्यून यांनाही कडी आहेत. परंतु लहान दुर्बिणीतून दिसण्याइतकी ठळक कडी केवळ शनीलाच आहेत. ही कडी अखंड व चिरंतन भासत असली, तरी ती असंख्य हिमखंडांची बनलेली आहेत आणि ग्रहाच्या आयुर्मानाच्या तुलनेत अल्पजीवी असावीत, असे अलीकडील संशोधन सुचवते.

नाव व कालगणना

'शनैश्चर' या संस्कृत नावाचा अर्थ 'हळूहळू चालणारा' असा आहे. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पाच ग्रहांपैकी शनीची गती सर्वांत मंद असल्याने हे नाव सार्थ ठरते. सूर्यापासून सरासरी १४३ कोटी किमी अंतरावरून फिरताना त्याला एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे २९.५ वर्षे लागतात. सूर्यप्रकाशाला तेथे पोहोचण्यास सुमारे ८० मिनिटे लागतात; पृथ्वीवर तो ८ मिनिटांच्या थोड्या अधिक काळात पोहोचतो.

राशिचक्राच्या १२ राशी ओलांडण्यास २९.५ वर्षे लागत असल्याने शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. जन्मराशी, तिच्या आधीची व नंतरची अशा तीन राशींतील त्याचा मुक्काम साडेसात वर्षांचा होतो. फलज्योतिषातील 'साडेसाती' ही संज्ञा यावरूनच आली आहे. या कालावधीमागील गणित खगोलीय आहे. त्याला जोडलेल्या शुभाशुभ फलांना मात्र वैज्ञानिक आधार नाही.

भौतिक स्वरूप

शनीचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १,२०,५०० किमी, तर ध्रुवीय व्यास सुमारे १,०८,७०० किमी आहे. ग्रह वायुरूप असून स्वतःभोवतीची एक फेरी साडेदहा तासांच्या आसपास पूर्ण करतो, त्यामुळे तो ध्रुवांकडे ठळकपणे चपटा झाला आहे. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे. परंतु सरासरी घनता दर घनसेंटिमीटरला केवळ ०.६९ ग्रॅम आहे. पाण्यापेक्षा कमी घनता असलेला हा सूर्यमालेतील एकमेव ग्रह आहे.

शनीला पाय ठेवता येईल असा घन पृष्ठभाग नाही. खोल जावे तसा दाब वाढत जातो, हायड्रोजन वायुरूपातून द्रवरूपात जातो आणि त्याहून खाली त्याला धातूसारखे गुणधर्म प्राप्त होतात. केंद्रभागी जड मूलद्रव्यांनी समृद्ध असा गाभा आहे. वातावरणात विषुववृत्ताजवळ ताशी सुमारे १,८०० किमी वेगाचे वारे वाहतात. उत्तर ध्रुवाभोवती ढगांची विशाल षटकोनी रचना असून ती व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांतून प्रथम लक्षात आली.

कडी

गॅलिलिओने १६१० मध्ये शनीकडे दुर्बीण रोखली, तेव्हा त्याला ग्रहाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान गोल असल्यासारखे दिसले. १६१२ मध्ये ते दिसेनासे झाल्याने तो गोंधळात पडला. या कोड्याचे उत्तर ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ मध्ये दिले: ग्रहाला कोठेही न टेकलेले एक पातळ, चपटे कडे त्याच्याभोवती आहे. पृथ्वीवरून ते नेमके कडेवरून पाहिले गेले की दिसेनासे होते. शनीचा अक्ष सुमारे २६.७ अंशांनी कललेला असल्याने असा योग साधारणपणे दर १३ ते १६ वर्षांनी येतो. अलीकडे तो मार्च २०२५ मध्ये आला होता.

जोव्हान्नी कॅसिनी याने १६७५ मध्ये कड्यातील काळी फट शोधली. ती आज 'कॅसिनी विभाजन' म्हणून ओळखली जाते. एवढे मोठे कडे अखंड व घन असेल तर ते टिकू शकणार नाही, ते असंख्य सुट्या कणांचेच असले पाहिजे, हे जेम्स क्लर्क मॅक्सवेल याने १८५९ मध्ये गणिताने दाखवून दिले. १८९५ मध्ये जेम्स कीलर याने वर्णपटाच्या साहाय्याने त्यास दुजोरा दिला. कड्याचा आतील भाग बाहेरील भागापेक्षा अधिक वेगाने फिरतो, असे त्याला आढळले. घन तबकडीत याच्या नेमके उलट घडले असते.

कड्यांतील पदार्थ बहुतांशी पाण्याचा बर्फ आहे. त्याचे तुकडे धुळीच्या कणापासून घराएवढ्या आकारापर्यंतचे आहेत. मुख्य कड्यांचा एकूण व्यास सुमारे २,७०,००० किमी असला, तरी त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही दशक मीटरच आहे. त्यांतील द्रव्य सतत ग्रहावर पडत असते. या ऱ्हासाच्या वेगावरून ती पुढील १० ते ३० कोटी वर्षांत नष्ट होतील, असा एक अंदाज आहे. ती ग्रहाइतकीच, म्हणजे सुमारे ४५० कोटी वर्षे जुनी आहेत की केवळ काही कोटी वर्षांपूर्वी निर्माण झाली, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

उपग्रह

मार्च २०२५ पर्यंत शनीच्या २७४ उपग्रहांना मान्यता मिळाली होती. त्यांपैकी टायटन सर्वांत मोठा असून त्याचा व्यास ५,१५० किमी, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही अधिक आहे. त्यावर नायट्रोजनचे दाट वातावरण आणि द्रवरूप मिथेन व इथेन यांची सरोवरे आहेत. एन्सेलॅडस हा उपग्रह केवळ ५०० किमी व्यासाचा आहे. परंतु त्याच्या बर्फाळ कवचाखाली खाऱ्या पाण्याचा सागर आहे. दक्षिण ध्रुवाजवळील भेगांतून त्याचे फवारे अवकाशात उडतात व शनीच्या 'ई' कड्याला बर्फाचे कण पुरवतात.

अवकाशयानांद्वारे संशोधन

शनीजवळून जाणारे पहिले यान पायोनियर ११ (१९७९) होय. त्यानंतर व्हॉयेजर १ (१९८०) व व्हॉयेजर २ (१९८१) ही याने तेथून गेली. कॅसिनी यान २००४ मध्ये शनीच्या कक्षेत स्थिरावले. त्याच्यासोबतचा हायगेन्स शोधक १४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर उतरला. इंधन संपत आल्यावर यान चुकून एन्सेलॅडस वा टायटनवर आदळू नये व तेथे पृथ्वीवरील सूक्ष्मजीव पोहोचू नयेत, यासाठी १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते शनीच्या वातावरणात उतरवून नष्ट करण्यात आले. त्यापूर्वीच्या अखेरच्या २२ फेऱ्यांत ते ग्रह व कडी यांमधील मोकळ्या जागेतून गेले आणि कड्यांचे वस्तुमान मोजता आले.

निरीक्षण

शनी नुसत्या डोळ्यांना फिकट पिवळसर, फारसा न लुकलुकणाऱ्या ताऱ्यासारखा दिसतो. सुमारे २५ पट वा अधिक मोठी प्रतिमा दाखवणाऱ्या दुर्बिणीतून कडी दिसू शकतात. सुमारे एक वर्ष व दोन आठवड्यांनी येणाऱ्या प्रतियुतीच्या सुमारास तो रात्रभर आकाशात असतो व निरीक्षणास सर्वाधिक अनुकूल ठरतो.