नवी आवृत्ती आणि आपल्या खुणा

विद्यार्थी मित्रांनो, मराठीचा धडा वाचताना एखादा कठीण शब्द आला की तुम्ही काय करता? शिक्षक त्याचा अर्थ सांगतात आणि तुम्ही तो पेन्सिलीने पुस्तकाच्या समासात उर्दूत लिहून ठेवता. वर्षाच्या शेवटी ते पुस्तक नुसते छापखान्यातून आलेले पुस्तक राहत नाही. ते तुमचे पुस्तक होते. आता समजा, त्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली. जुन्या आवृत्तीतील चुका तिच्यात दुरुस्त केल्या आहेत. नवी प्रत घ्यायला तर हवी. पण जुनी प्रत रद्दीत गेली, तर तुम्ही लिहिलेले अर्थही तिच्याबरोबर जातील. मग काय करावे?

संगणकापुढेही असाच प्रश्न येतो. तो कसा सोडवतात, ते या पाठात पाहू.

लिनक्सचे नाव तुम्ही ऐकले असेल. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी डेबियन नावाचा प्रकल्प सुरू केला. लिनक्सचा गाभा आणि त्यावर चालणारे अनेक प्रोग्रॅम एकत्र करून लोकांना द्यावेत, हा त्याचा उद्देश होता. डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम एका गठ्ठ्यात बांधून येतो. या गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. प्रोग्रॅममधील चुका सुधारल्या की पॅकेजची नवी आवृत्ती निघते. चोरांना आत शिरता येईल अशा फटीही तिच्यात बुजवलेल्या असतात. म्हणून नवी आवृत्ती घेणे टाळून चालत नाही.

प्रत्येक प्रोग्रॅमने कसे वागावे याचे नियम एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेले असतात. अशा बहुतेक फाइली 'ईटीसी' नावाच्या कप्प्यात ठेवलेल्या असतात. पॅकेज बनवणारे लोक या फाइली तयार करून देतात. पण आपल्या गरजेप्रमाणे आपण त्या बदलू शकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात एक मुख्य संगणक आहे आणि त्याच्यामार्फत बाकीच्या संगणकांना इंटरनेट मिळते. या कामासाठी त्यावर 'स्क्विड' नावाचा प्रोग्रॅम बसवला आहे. डेबियनचे स्क्विड नवे बसवले, तर ते फक्त त्याच संगणकाला वाट देते, इतरांना नाही. सुरक्षिततेसाठी तसे ठेवलेले असते. म्हणून शिक्षकांनी नियमांच्या फाइलीत दोन ओळी लिहिल्या: आमच्या कक्षातील संगणकांना परवानगी आहे. पुढे स्क्विडची नवी आवृत्ती आली आणि तिने आपली कोरी फाइल जुन्या फाइलीच्या जागी ठेवली, तर काय होईल? शिक्षकांच्या दोन ओळी गेल्या! संगणक कक्षातील एकाही मुलाचे इंटरनेट चालणार नाही.

असे होऊ नये म्हणून डेबियनमध्ये 'डीपीकेजी' नावाचा प्रोग्रॅम पहारा देतो. पॅकेजबरोबर आलेल्या मूळ फाइलीवरून तो एक लांब आकडा काढतो आणि लक्षात ठेवतो. हा आकडा अंगठ्याच्या ठशासारखा असतो. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. नवी आवृत्ती आली की डीपीकेजी तीन ठसे ताडून पाहतो: मूळ फाइलीचा, सध्याच्या फाइलीचा आणि नव्या फाइलीचा.

तुम्ही काहीच बदलले नसेल, तर तो नवी फाइल गुपचूप बसवतो. तुम्ही बदल केला आहे, पण पॅकेज बनवणाऱ्यांनी केलेला नाही, तर तुमची फाइल तशीच राहते. दोघांनीही बदल केला असेल, तर मात्र तो थांबतो आणि तुम्हाला विचारतो. 'वाय' दाबले तर नवी फाइल बसते. 'एन' दाबले तर तुमची राहते. 'डी' दाबले तर दोन्ही फाइलींतील फरक ओळीने दिसतो. नुसते एंटर दाबले, तर तुमचीच फाइल राहते.

तुम्ही नवी फाइल निवडली, तरी जुनी नष्ट होत नाही. तिच्या नावापुढे 'डीपीकेजी-ओल्ड' जोडून ती बाजूला ठेवली जाते. जुनी निवडली, तर नवी फाइल 'डीपीकेजी-डिस्ट' या नावाने ठेवली जाते. रेड हॅटच्या लिनक्समध्ये 'आरपीएम' हा प्रोग्रॅम हेच काम करतो. पण तो प्रश्न विचारत नाही. कधी नवी फाइल 'आरपीएमन्यू' नावाने ठेवतो, तर कधी तुमची फाइल 'आरपीएमसेव्ह' नावाने. म्हणून तेथे काम झाल्यावर आपणच अशा फाइली शोधून पाहाव्या लागतात.

तुम्ही म्हणाल, मग नेहमी आपलीच फाइल ठेवावी, काळजी मिटली! पण तसे नाही. नव्या फाइलीत एखादी महत्त्वाची दुरुस्ती असू शकते. जुना एखादा नियम नव्या प्रोग्रॅमला समजेनासा झाला, तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही. म्हणून आधी फरक वाचावा, मग ठरवावे. न वाचता दिलेले 'हो' जितके घातक, तितकेच न वाचता दिलेले 'नाही'सुद्धा.

यापेक्षाही सोपा एक उपाय आहे. छापील पुस्तकात न लिहिता शब्दार्थांची वेगळी वही केली, तर पुस्तक बदलले तरी वही आपल्याजवळ राहते. लिनक्समधील अनेक प्रोग्रॅमनी अशा वहीची सोय केली आहे. स्क्विडचेच पाहा. डेबियनमध्ये त्याच्या मुख्य फाइलीशेजारी 'कॉन्फ-डी' नावाचा एक कप्पा असतो. आपले नियम वेगळ्या फाइलीत लिहून त्यात ठेवले की स्क्विड तेही वाचते. मुख्य फाइलीला हात लावावा लागत नाही, त्यामुळे भांडणच उरत नाही.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुमच्या हाती असा संगणक आला, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी आपल्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. शक्य तेथे आपले नियम वेगळ्या फाइलीत लिहा. आणि संगणकाने प्रश्न विचारला, तर घाईने बटण दाबू नका. तो तुम्हाला विचारतो, कारण तुमचे नियम कशासाठी लिहिले होते, हे फक्त तुम्हालाच माहीत असते.