थीम पार्टी : बोरन्हाणाची धाकटी बहीण

देगलूर : मराठवाड्यात पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अनेकांचा वाढदिवस कागदोपत्री एकाच दिवशी येतो, १ जूनला. मुलाला शाळेत घालताना आईवडिलांना नेमकी जन्मतारीख ठाऊक नसे. गुरुजी अदमासाने वर्ष ठरवीत आणि तारखेच्या रकान्यात १ जून लिहून मोकळे होत. त्याच पिढीच्या नातवंडांच्या वाढदिवसापूर्वी आता पंधरा दिवस घरात एकच चर्चा रंगते, यंदा ‘थीम’ कोणती? पुण्या-हैदराबादेतील ही प्रथा अकोला-नांदेड-देगलूर-संगारेड्डी महामार्गाने येऊन तालुक्याच्या गावातही स्थिरावली आहे.

थीम म्हणजे सारा समारंभ एका कल्पनेभोवती गुंफणे. पाहुण्यांचा पोशाख, खाऊ, खेळ, सजावट आणि निमंत्रण या सर्वांतून तीच कल्पना डोकावली पाहिजे. हे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी बोरन्हाण आठवून पाहावे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत लहान मुलाला काळे कपडे घालून पाटावर बसवतात. हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद आणि हातात हलव्याचीच बासरी देऊन त्याचा कृष्ण करतात. मग त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा ओततात आणि जमलेली पोरे ती वेचण्यासाठी झुंबड करतात. पोशाख ठरलेला, दागिने ठरलेले, खाऊ ऋतूतला आणि खाऊ वेचणे हाच खेळ. आजच्या कोणत्याही थीम पार्टीत याहून नेटकी आखणी क्वचितच आढळेल. केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावण्याची रीत मात्र जर्मनीतून आली. तेथे १७४६ साली काउंट झिंझेंडॉर्फ याच्या वाढदिवशी तसा केक केल्याचा उल्लेख सापडतो.

बोरन्हाणात विकत आणलेले फारसे काही नसते, आणि नेमकी हीच गोष्ट आजच्या पार्टीतून हरवली आहे. बाजारात तयार संच मिळतात. अमुक चित्रपटातील राजकन्या किंवा तमुक महामानव, त्याच चित्राच्या टोप्या, ताटल्या, झालरी आणि फलक. पैसे मोजले की थीम तयार. मात्र गल्लीतील चौथ्या वाढदिवसाला तीच राजकन्या पुन्हा भिंतीवर झळकते आणि मुलांनाही तिचे कौतुक उरत नाही. थीम निवडण्यापूर्वी दुकानात जाण्याऐवजी मुलाकडे आठवडाभर लक्ष द्यावे. ते काय काढते, कशाचे आवाज करते, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावते? ट्रॅक्टरचे वेड असलेल्या मुलाला अंतराळवीर करण्यात काय हशील? खोक्यांचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत भरलेल्या शेंगा आणि लाह्या, चाकाच्या आकाराच्या चकल्या एवढ्यावर त्याची संध्याकाळ सार्थकी लागते.

देगलूर परिसरात अशा कल्पनांचा तुटवडा नाही. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या व जनावरांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. ‘जत्रा’ हीच थीम घेतली तर अंगण, गच्ची किंवा समोरची मोकळी जागा पुरते. जुन्या साड्यांचे पडदे लावून चार पाल उभारावेत. एका पालात रिकाम्या डब्यांवर कापडी चेंडू मारणे, दुसऱ्यात वस्तूंवर कड्या टाकणे, तिसऱ्यात बांगड्या किंवा गोंदण, म्हणजे पेनाने काढलेली नक्षी. चौथे पाल खाऊचे, तेथे भजी, गोडी शेव, रेवड्या, बत्तासे आणि चुरमुरे. प्रत्येक मुलाला आल्याबरोबर पुठ्ठ्याची दहा नाणी द्यावीत. त्या नाण्यांवरच खेळावे आणि खावे. पालातील दुकानदार मात्र आजोबा, आत्या, मामा यांनी व्हावे. घरातील मोठी माणसे कोपऱ्यात खुर्च्यांवर बसून राहण्याऐवजी खेळात ओढली जातात, हा या थीमचा सर्वांत मोठा लाभ.

किल्ल्याची आवड असलेल्या मुलांसाठी खंदकाने वेढलेला कंधारचा किल्ला आहे. खडूने खंदक आखून तो ओलांडण्याचे खेळ घेता येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना देगलूर तालुक्यातीलच होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे दाखवून ‘शिल्पे शोधा’ हा खेळ खेळता येईल. वास्तूला हात न लावता, पाहून वहीत टिपण्याचा. तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेवरील या गावात तीन भाषांची थीमही सहज जमते. एक-दोन-तीन, ओकटि-रेंडु-मूडु, ओंदु-एरडु-मूरु अशी मोजणी करीत लपाछपी खेळली की कोणत्याही घरचे मूल परके राहत नाही.

निमंत्रणपत्रिका हा समारंभाचा पहिला अंक. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असे छोट्यांच्या नावाने छापण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वाढदिवसाच्या पत्रिकेत तो कोपराच अख्खी पत्रिका व्हावा. जत्रेसाठी तिकीट, किल्ल्यासाठी चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेल्या कागदाचा, दोऱ्याने बांधलेला खलिता. मूल थोडे मोठे असेल तर पोस्टकार्डासारखी गंमत नाही. १ जुलै १८७९ रोजी भारतात सुरू झालेले हे कार्ड आजच्या बहुतेक मुलांनी हाताळलेलेही नसते. स्वतःच्या नावाचे पत्र दारात आल्याचा आनंद मोबाइलवरील चित्रात नाही. अक्षर वाकडे आले तरी ते मुलाचेच राहू द्यावे. दिवस, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, पत्ता, पालकांचा दूरध्वनी आणि पोशाखाबाबत सूचना असेल तर ती, एवढा मजकूर पुरे. पोशाख विकत आणावा लागेल अशी अट मात्र नसावी.

खरी कसोटी यादीची असते. पाच-सहा जणांनाच बोलवायचे असेल तर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निमंत्रण टाकू नये, शाळेत पत्रिका वाटू नयेत. वर्गातील चाळीसपैकी पस्तीस जणांना बोलावून पाच जणांना वगळणे हा तर उघड अपमान ठरतो आणि मुले तो विसरत नाहीत. वाढदिवसाला जायचे म्हणजे भेट न्यावी लागते. ती परवडत नाही म्हणून ‘पोटात दुखते’ असे सांगून घरी बसणारे एखादे मूल प्रत्येक वर्गात असते. पत्रिकेवर ‘कृपया भेटवस्तू आणू नये, स्वतः काढलेले एक चित्र आणावे’ अशी ओळ घातली तर त्या मुलाची पोटदुखी टळते. मोठ्यांच्या लग्नात आहेर नाकारणारी कुटुंबे मुलांच्या बाबतीत हे का विसरतात, हे कोडेच आहे.

सजावटीत कायद्याचेही भान हवे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, सजावटीचे थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे, निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळलेले प्लास्टिक आवरण, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक त्यात येतात. चौकात बाळाच्या छायाचित्राचा फलक लावण्याची हौस त्यामुळे आवरलेली बरी. आपट्याच्या झाडाला कागदी पताका बांधल्या तरी शोभा कमी होत नाही. पळसाच्या पत्रावळी आहेतच.

दोन गोष्टींबाबत हयगय नको. मेणबत्ती पेटलेली असताना ‘स्नो स्प्रे’ उडवू नये. त्याचा फवारा पेट घेऊ शकतो. आकाशात उडणाऱ्या फुग्यांत हायड्रोजन भरलेला असल्यास ज्योतीजवळ स्फोटाचा धोका असतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, म्हणून ते ताबडतोब उचलावेत.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी दोन तास पुरेसे होतात आणि दहा-बारा पाहुणे भरपूर. उन्हाळ्यात पाराच चाळिशीपार जात असल्याने संध्याकाळी सहापूर्वी मुलांना अंगणात उतरवू नये. ज्यांचे वाढदिवस मे महिन्यात येतात, त्यांची मित्रमंडळी बहुधा मामाच्या गावी गेलेली असते. घरात औक्षण त्या दिवशी करावे आणि जत्रा जूनच्या मध्यास शाळा उघडल्यावर भरवावी. तोवर पत्रिका रंगवायला मुलाला सारी सुट्टी मोकळी मिळते.