एक डबा, धनी अनेक

वडगाव मावळच्या कचेरीभोवती दस्त लिहिणाऱ्यांच्या टेबलांवर टाइपरायटर हटून संगणक आले, तेव्हा विंडोज 98 चा जमाना होता. सुरू होताना ते नाव-पासवर्ड विचारायचे, पण कॅन्सल दाबले की सरळ आत. खाते असायचे ते फार तर वॉलपेपर आपल्या आवडीचा राहावा एवढ्यासाठी.

2001 मध्ये विंडोज एक्सपी आले आणि घरगुती संगणकावरही खाते हे खरे कुलूप झाले. पण एक्सपी बसवताना तयार होणारे प्रत्येक खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि पासवर्ड ऐच्छिक. लोणावळ्याच्या पावसात दिवसातून चारदा वीज जाणार, दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार? चिक्कीच्या दुकानात मालक, हिशेबनीस आणि सुट्टीवर आलेला भाचा एकाच खात्यावर. भाच्याच्या गेमसोबत आलेल्या व्हायरसला मालकाचे सगळे अधिकार आयतेच मिळत. मग मशीन ‘फॉरमॅट मारायला’ जाई आणि पुन्हा तसेच बिनकुलपाचे परत येई. 2007 च्या व्हिस्टाने पावलोपावली परवानगी विचारून यावर उपाय काढला. लोकांनी वैतागून न वाचताच ‘कंटिन्यू’ दाबायची सवय लावून घेतली.

गंमत अशी की, ज्या महसूल खात्याच्या आवारात हे चालले होते, तिथे अधिकारांची वाटणी कागदावर केव्हाची होती. खरेदीखत झाले की तलाठी फेरफार धरणार, सातबारावर पेन्सिलीने नोंद घेणार, संबंधितांना नोटिसा काढणार. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करणार, मगच शाई. लिहिणारा आणि मंजूर करणारा एक नसावा, हे तत्त्व संगणकाने शिकवलेले नाही. उलट सुरुवातीच्या एकखांबी संगणकाने ते विसरायला लावले, असे मला वाटते.

ई-फेरफार या संगणकीय नोंद-प्रणालीने ते तत्त्व परत आणले. तलाठ्याचे लॉगिन वेगळे, मंडल अधिकाऱ्याचे वेगळे. सोबत अंगठा आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. द्रुतगती मार्गानंतर मावळात गुंठ्याला आलेला भाव पाहता, या एका लॉगिनमागे किती मोठी मालमत्ता उभी आहे, हे सांगायला नको.

आणि तरीही राज्यभर ‘झिरो तलाठी’ हा शब्द रुळलाच. गावे जास्त, तलाठी कमी, कामाचा ढीग; मग पदरचा खासगी मदतनीस खुर्चीत बसतो. तंत्राने कितीही चौकटी आखल्या तरी डोंगल आणि पासवर्ड हातातून हातात जाऊ शकतात. दुसऱ्याची डिजिटल सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66क तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. पण धन्यानेच विश्वासाने किल्ली दिली, तर चोर कुणाला म्हणायचे?

ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्तीही या काळात येऊन गेली. त्यातून ‘गणेश1’ नंतर ‘गणेश2’ एवढेच निघाले. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्ये ती शिफारस मागे घेतली, 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनेही. लांब पासवर्ड ठेवा, संशय आला तरच बदला, हा आजचा सल्ला. कचेऱ्यांतल्या मॉनिटरवरच्या चिठ्ठ्या मात्र अजून निघालेल्या नाहीत.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि नव्या मशीनची खरेदी वाढली. विंडोज 11 सुरू करतानाच मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. दुकानदाराला आपला ईमेल आठवत नाही, म्हणून बसवून देणारा पोरगा स्वतःचा टाकतो. ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. डिस्क आपोआप कुलूपबंद झाली असेल, तर तिची रिकव्हरी की-सुद्धा त्याच्याच खात्यात जमा होते. पुढे तो चाकणला नोकरीला लागला, नंबर बदलला, आणि मशीन एक दिवस ती की मागू लागले, तर दुकानाचा सगळा हिशेब आतच राहील. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडून तिथे कुणाचा ईमेल आहे ते बघायला दोन मिनिटे पुरतात.