कंपवात आणि दोन वनस्पती

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. पण रुग्णाला अधिक छळते ती हालचालींची मंदी: सदऱ्याचे बटण लागत नाही, उंबऱ्याशी पाऊल अडते, आवाज बारीक होतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून या विकाराचे वर्णन केले. त्यावर नेमके औषध सापडायला मात्र दीडशे वर्षे लागली, आणि त्या शोधाची वाट आपल्या ओळखीच्या दोन वनस्पतींजवळून जाते.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे ते घेणाऱ्या काहींमध्ये कंपवातासारखी लक्षणे दिसली. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन ससे निश्चल केले. लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. रेसर्पिनमुळे मेंदूतले डोपामिन रिते होते आणि लेव्होडोपापासून ते पुन्हा तयार होते, हा त्याचा अर्थ. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांना कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूत डोपामिनचीच वानवा आढळली.

दुसरी खाजकुइली. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा केला होता. डोपामिनचे मेंदूतील काम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

मग तिचे चूर्ण आणून खावे का? मनाने तर नाहीच. चूर्णात लेव्होडोपा किती, हे बियांगणिक बदलते. गोळ्यांच्या जोडीला ते घेतले तर मात्रा वाढून अंग आपोआप वळवळू लागते, भासही होतात. गोळीत बहुधा कार्बिडोपा असतो. त्यामुळे औषध वाटेतच खर्ची न पडता मेंदूपर्यंत पोचते. गोळी एकाएकी बंद करणेही धोक्याचे.

लेव्होडोपा उणीव भरून काढतो, पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. वर्षे सरतात तसा एकेका गोळीचा असर लवकर ओसरू लागतो. डाळ, दूध, मांस यांतली प्रथिनेही तिच्या आड येतात. म्हणून घरच्यांनी एक वही ठेवावी: गोळी कधी घेतली, जेवण कधी झाले, हातपाय कधी मोकळे झाले, कधी जखडले. तपासणीच्या दहा मिनिटांत डॉक्टरांना जे दिसत नाही, ते या वहीत दिसते, आणि मात्रा त्यावरूनच ठरते.